तोंडी गुऱ्हाळ आणि वहीत तीन ओळी

पत्र जरा लांब होतं, थोडक्यात देते:

"ताई, माझा मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यम. गेल्या वर्षी टेस्टिंग केलं, डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण. आठवड्यातून दोनदा रेमेडियलला, म्हणजे त्यासाठीच्या खास शिकवणीला जातो, वाचन जरा सुधारलंय, पण लिहिणं म्हणजे रोजचं भांडण. दिवाळीत मामाकडे कराडजवळ गेला होता तेव्हा गुऱ्हाळ बघून आला आणि घरी येऊन तासभर बोलत होता. काहील म्हणजे ती मोठी कढई केवढी असते, चुलवाणात चिपाडं कशी सारतात, मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी कसं घालतात, पाक झाला की नाही ते गूळ करणारा गुळव्या गार पाण्यात गोळी करून कसं बघतो, सगळं. मग शाळेत निबंध आला 'सुट्टीतील अनुभव'. वहीत काय, तर 'मी मामाच्या गावाला गेलो. उस खाला. मजा आली.' खाली बाईंचा लाल शेरा, 'विस्तार करा'. ट्यूशनच्या मॅडम चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायला लावतात. सासरे म्हणतात, तोंडाने सगळं येतंय की, लिहायलाच आळस. मी त्याने सांगितलेलं लिहून दिलं तर चालेल का, की ती कॉपी झाली? आणि पुढे दहावीला कसं होणार?" - सांगलीहून एक आई.

अहो, आधी कॉपीचं सांगून टाकते कारण त्याचंच तुम्हाला जास्त टेन्शन आलेलं दिसतंय. लिहून द्या, बिनधास्त द्या. गुऱ्हाळ त्याने बघितलं, वाक्य त्याने जुळवलं, कुठलं आधी कुठलं नंतर ते त्याने ठरवलं, तुम्ही फक्त पेन धरलंत, यात कॉपी कुठून आली? कॉपी म्हणजे गाईडमधला 'सुट्टीतील अनुभव' पाठ करून उतरवणं, आणि ते वर्गातली निम्मी मुलं करतात आणि त्यांना 'छान' असा शेरा मिळतो, असो, त्यावर बोलायला लागले तर सदर संपेल.

आता त्या तीन ओळी परत बघा. बाईंना वाटलं याला काही सुचत नाहीये. मला वाटतं तुमच्या लेकाने फार हुशारीने हिशोब केलाय. गुऱ्हाळ लिहायचं तर तो ऱ्ह कसा काढायचा? गुळव्या लिहायचं तर जोडाक्षर. काहीलची वेलांटी पहिली की दुसरी? चुलवाणचा ण की न? आणि 'मजा आली' मात्र त्याला येतं, काना, काना, एक वेलांटी, संपलं. म्हणजे त्याला जे सुचतंय ते तो लिहीत नाहीये, जे लिहिता येतंय तेवढंच लिहितोय. या मुलांच्या वह्या चाळल्यात की पानापानावर 'मजा आली', 'छान वाटले', 'मला खूप आवडले', कारण ती वाक्यं सेफ आहेत, त्यात लाल पेन पडत नाही. त्यामुळे 'विस्तार करा' या शेऱ्याचा काही उपयोग नाही, अहो विस्तार त्याच्याकडे तासभराचा आहे, तो बाहेर येण्याची वाट अडलीये.

आणि वाट का अडते तेही बघा. आपण लिहितो तेव्हा अक्षर काढणं आपोआप होतं म्हणून डोकं पुढच्या वाक्याचा विचार करायला मोकळं असतं. याचं तसं नाही. याला प्रत्येक अक्षराला थांबून विचार करावा लागतो आणि तोपर्यंत पुढचं वाक्य डोक्यातून उडालेलं असतं. म्हणजे एका हाताने पोळी लाटायची, दुसऱ्या हाताने फोडणी द्यायची आणि त्याच वेळी फोनवर पाहुण्यांना घरचा पत्ता समजावून सांगायचा, तसं काहीतरी. आपली लिपी तशी सरळ आहे, जसं ऐकतो तसं बरंचसं लिहितो, इंग्रजीपेक्षा खूपच बरी, पण तिच्याही खोड्या आहेत. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, पण लिहिताना ती ऱ्हस्व वेलांटी उभी राहते क च्या अलीकडे. 'शर्यत' म्हणताना र आधी ऐकू येतो आणि य नंतर, पण लिहिताना तो र जाऊन बसतो य च्या डोक्यावर. मग घ-ध, भ-म, ब-व ही मंडळी आहेतच, शिरोरेषेतली फट किंवा पोटातली रेघ जरा चुकली की एकाचं दुसरं होतं. मोठ्यांना हे दिसतच नाही कारण डोळ्यांना सवय झालेली असते.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, आणि बाकी सगळे उपाय त्यातूनच निघतात. सुचणं आणि लिहून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका वेळी करायला लावू नका. आधी विचार बाहेर येऊ दे, कशाही रूपात, मग अक्षरांचं बघू. अमेरिकेत कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम या दोघांनी १९८०च्या दशकापासून लर्निंग डिसॅबिलिटीच्या (एलडी, म्हणजे शिकण्यातल्या अडचणीच्या) मुलांच्या लिखाणावर काम केलंय, त्यांचाही भर यावरच की आधी ठरवणं, मग लिहिणं, मग तपासणं हे टप्पे मुलाला उघड उघड, स्वतः बोलून दाखवत शिकवायचे. मनात आपोआप होईल असं धरून चालायचं नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. गुऱ्हाळच घेऊ, वाया कशाला घालवायचं.

संध्याकाळी होमवर्कच्या वेळेला नको, तेव्हा दोघंही वैतागलेले असता. जेवणं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसा आणि त्याला विचारा. पण 'मग तुला कसं वाटलं?' असं विचारू नका हो, त्याला जगातलं प्रत्येक पोर 'मजा आली' म्हणतं. विचारा, तिथे आवाज कसला येत होता? सगळ्यात जास्त चटका कुठे उभं राहिल्यावर बसत होता? कोण कोणाला ओरडलं? गुळव्याच्या हातात काय होतं? तो बोलेल, तुम्ही लिहा. आणि तो बोलला तसंच्या तसं लिहा. 'मामा बोल्ला की मागं सर नायतर भाजशील' असं म्हणाला तर 'मामा म्हणाले की मागे सरक' असं करायचं नाही! इथे सगळ्या आया घसरतात, पुस्तकी करायचा मोह आवरत नाही. तुम्ही एक शब्द बदललात की त्याला कळतं आपलं चुकलं होतं, आणि पुढच्या वेळी तो परत तीन ओळींवर येतो.

मग ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा. हे फार महत्त्वाचं. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तोच थांबवतो, 'नाही नाही, भेंडीचं पाणी आधी, मळी नंतर.' बरं म्हणायचं, त्याच्यासमोर बाण काढायचा, वाक्य उचलून वर न्यायचं. अहो हेच तर एडिटिंग, लेखक लोक दुसरं काय करतात.

ज्या दिवशी लिहून घ्यायला तुम्हाला वेळ नसेल त्या दिवशी चिठ्ठ्यांचा प्रकार करा, माझ्याकडे मुलांना हा सगळ्यात आवडतो. पाठकोरे कागद फाडून मूठभर चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, चित्र काढून किंवा शब्द लिहून, शब्द कसाही लिहिलेला चालेल, 'काईल' लिहिलं तरी चालेल, त्याला कळलं म्हणजे झालं. एक मोठा गोल म्हणजे काहील. खाली वेड्यावाकड्या रेघा म्हणजे जाळ. टोपी घातलेला माणूस म्हणजे गुळव्या. एक थेंब म्हणजे गार पाण्यातली गोळी. सगळ्या चिठ्ठ्या फरशीवर पसरायच्या आणि त्याला लावायला सांगायच्या, आधी काय झालं, मग काय. तो खाली बसून सरकवत राहील, एखादी चिठ्ठी बाजूला टाकेल, 'हे नको, हे सगळ्यांना माहितीये.' टाकू दे. मग एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून एक वाक्य तोंडाने म्हणायचं, आणि म्हणून झाल्यावर तेच वाक्य त्याच चिठ्ठीच्या मागे लिहायचं. वहीचं कोरं पान बघून या मुलांच्या पोटात गोळा येतो, चिठ्ठी एवढीशी असते, तिथे एक वाक्य लिहिलं की ती भरते. शेवटी ओळीने वहीत चिकटवून टाका, झाला निबंध. परत फेअर करायला लावू नका! फेअर करायचंय म्हटलं की पुढच्या वेळी तो मुद्दाम कमी चिठ्ठ्या करणार, बघाच.

शाळेच्या पुस्तकात 'आकृतिबंध पूर्ण करा' असतं ना, मधे एक चौकट आणि भोवती चौकटी, धडा वाचून भरायच्या, ते याला चांगलं माहिती असणार. तेच उलटं वापरता येतं. मधे 'गुऱ्हाळ' लिहा आणि भोवतीच्या चौकटी त्याने स्वतःच्या डोक्यातून भरायच्या. काही मुलांना चिठ्ठ्यांपेक्षा हे जमतं, कारण शाळेतलंच वाटतं, लहान मुलांचा खेळ वाटत नाही.

लिहायची वेळ आली की त्याला अडणारे शब्द आधीच समोर ठेवा. गुऱ्हाळ, काहील, चुलवाण, गुळव्या, चिपाड, काकवी, जाड पेनने मोठे लिहा, अवघड तेवढा भाग वेगळ्या रंगात, आणि भिंतीवर चिकटवा. बघून लिहिलं म्हणजे चीटिंग नाही हो. शब्द समोर असला की तो टाळायची गरजच उरत नाही. दुसरी एक पट्टी जोडणाऱ्या शब्दांची करा: पण, कारण, म्हणून, नाहीतर, तेवढ्यात. 'तेवढ्यात'ला तर मी फार मानते, 'ऊस खाल्ला' च्या पुढे 'तेवढ्यात' लिहून पोराला विचारा काय झालं, पुढचं वाक्य आल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या खर्ड्यात माझ्याकडे दोन सवलती असतात. एक, जो शब्द येत नाही त्याचं पहिलं अक्षर लिहायचं, पुढे रेघ मारायची आणि सरळ पुढे जायचं, थांबायचं नाही, विचारायचं नाही. दोन, शिरोरेषा द्यायची नाही, नंतर देऊ. फक्त दोन शब्दांमधे बोटभर जागा सोडायची. काही शिक्षकांना हे अजिबात पटत नाही, त्यांचं म्हणणं सवय बिघडेल, पण खर्डा हा खर्डा आहे, तो कोणाला दाखवायचा नसतोच. तपासायचं दुसऱ्या दिवशी, आणि एका फेरीत एकच गोष्ट. आज फक्त पूर्णविराम बघू, मोठ्याने वाचू आणि जिथे श्वास घेतला तिथे आहे का बघू. उद्या फक्त वेलांट्या. सगळ्या चुका एकदम दाखवल्यात तर पान लाल होतं आणि तो एकही सुधारत नाही.

हळूहळू पेन त्याच्याकडे सरकवायचं. सुरुवातीला सगळं तुम्ही लिहाल, मग त्याला सांगा की तुझं सगळ्यात आवडतं वाक्य तू लिही, मग एक तू एक मी. कधी किती ते तारखेवार ठरवू नका, थकलेल्या दिवशी परत सगळं तुम्ही लिहा, काही बिघडत नाही. आणि हस्ताक्षराचा, जोडाक्षरांचा सराव बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, तो रोज दहा मिनिटं वेगळा करा, रेमेडियलच्या टीचर जसं सांगतील तसा, फक्त त्याला निबंधात घुसवू नका.

मोबाईलचं म्हणाल तर गुगलच्या कीबोर्डवर माईक दाबून मराठीत बोललं की टाईप होतं, बऱ्यापैकी होतं, पण विरामचिन्हांच्या नावाने बोंब असते, म्हणून बोललेलं नंतर मोडून वाक्यं करणं हा वेगळा अभ्यास होतो, आणि चांगला होतो. गावाकडचे शब्द त्याला कळत नाहीत, काहीलचं काहीही करतो, त्यावर दोघं मिळून हसा. नुसतं रेकॉर्डिंग करून परत ऐकलं तरी बरंच काम होतं. पुढे सहावी-सातवीत मराठी टायपिंग शिकवा, त्याचा एक फायदा कोणी सांगत नाही: मोबाईलच्या किंवा इनस्क्रिप्ट नावाच्या मांडणीच्या कीबोर्डवर (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीत नाही) आधी क दाबायचा आणि मग वेलांटी, म्हणजे जसं ऐकलं त्याच क्रमाने. रफाराचंही तसंच, आधी र, मग य. हाताने लिहिताना जो उलटा क्रम त्याला छळतो तो तिथे नसतोच.

ट्यूशनचं. दहा वेळा लिहिलेलं ते पान एकदा जवळून बघा. बहुतेक सगळे 'गु' आधी खाली खाली काढलेले असतील, मग शेजारी सगळे 'ऱ्हा', मग सगळे 'ळ'. म्हणजे त्याने शब्द एकदाही लिहिलेला नाही, तीन रांगा लावल्यात. आणि पहिलाच चुकीचा उतरवला असेल तर चूक दहा वेळा पक्की. मॅडमना दुखवू नका, सांगा की दहा वेळा ऐवजी एकदा तोंडाने तोडून म्हणत, हवेत बोटाने काढून, मग न बघता लिहून स्वतः ताडून बघू दे. ऐकलं नाही तर ट्यूशन बदला, सरळ सांगते.

आजोबांना माझ्यातर्फे एक गोष्ट सांगा. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, पर्सी नावाचा. घरी मास्तर लावलेले, चांगली शाळा, तरी वाचता-लिहिता येईना. स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटसुलट करून 'प्रेसी' लिहायचा आणि दाखवून दिलं तरी पटकन लक्षात यायचं नाही. ७४९ गुणिले ८६७ मात्र पटकन आणि बरोबर केलं पठ्ठ्याने! आणि त्याच्या मास्तरांचं मत काय होतं माहितीये? सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट ही. तोंडाने येतंय आणि लिहिताना अडतंय यालाच तर निदान म्हणतात आजोबा, आळशी पोरगं तासभर गुऱ्हाळ सांगत बसत नाही.

शाळेत बाईंना भेटताना तक्रारीच्या सुरात जाऊ नका, वर्गात साठ पोरं असतात त्यांच्या. मोजकं मागा. आशयाला वेगळे गुण द्या आणि शुद्धलेखनाला वेगळे, म्हणजे एकामुळे दुसरं बुडणार नाही. फळ्यावरचं उतरवायला वेळ लागला तर शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो काढू द्या. सगळ्यांसमोर वही वाचायला उभं करू नका. आणि चिकटवलेल्या चिठ्ठ्यांची वही जाताना सोबत न्या, ती बघून बाईंचं मत बदलेल, मी सांगून काय होणारे.

आता दहावी. अजून लांब आहे पण कागदपत्रं आत्तापासून. महाराष्ट्रात एलडीच्या मुलांना दहावीला सवलती १९९६ पासून आहेत आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया नावानिशी धरलाय, त्यामुळे आपण कोणाकडे मेहेरबानी मागत नाहीये हे डोक्यात पक्कं ठेवा. जादा वेळ, लेखनिक (मुलगा सांगेल ते लिहिणारा), शुद्धलेखनाचे गुण न कापणं अशा सवलती असतात. पण त्यासाठी खाजगी टेस्टिंगचा रिपोर्ट सहसा पुरत नाही, सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. मुंबईची मंडळी सायन, नायर, केईएमला जातात, तुम्ही आधी सांगली-मिरजेच्या सिव्हिलला चौकशी करा की तिथेच होतं की पुढे पाठवतात. केंद्राच्या २०१८च्या नियमावलीत सर्टिफिकेट आठ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि मग चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असं होतं, नियम अधूनमधून बदलतात म्हणून काउंटरवर आत्ताचं विचारून घ्या. नंबर लागायला वेळ लागतो, चकरा होतात, डोळे आणि कान तपासल्याचे कागद आधीच करून ठेवा नाहीतर तेवढ्यासाठी परत पाठवतात. बोर्डाकडे अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा मुख्याध्यापकांना नववीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा, दहावीच्या जानेवारीत नाही.

लेखनिकाबद्दल मात्र एक गोष्ट फार कमी पालकांना माहिती असते. लेखनिक मिळाला म्हणजे सुटलो असं नसतं, कारण दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हेसुद्धा शिकावं लागतं. समोर साधारणपणे खालच्या इयत्तेतलं अनोळखी पोरगं बसलेलं असतं, ते आईसारखं थांबत नाही, समजून घेत नाही, आणि आपला मुलगा एक तर भराभर बोलत सुटतो नाहीतर लाजून गप्प होतो. तुम्ही आज जे त्याच्यासाठी लिहून देणार आहात ती याचीच तयारी आहे बघा, म्हणून ते थांबवू नका. सहावीपासून अधूनमधून एखादा जुना पेपर शेजारच्या एखाद्या मुलीला बसवून सोडवून घ्या, घड्याळ लावून, तुम्ही खोलीच्या बाहेर. आणि त्या मुलीला बजावून ठेवा की याने सांगितलं नाही ते काहीही लिहायचं नाही, हा 'पूर्णविराम' म्हणाला नाही तर पूर्णविरामसुद्धा द्यायचा नाही.